उत्तरकाकांचं नियोजन

विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागातून बाहेर पडून रस्ता ओलांडला, की समोर पहिली इमारत, तळमजला, डावीकडचं दार. तिथे उत्तरकाका राहत. म्हातारपणावर अभ्यास करायचा तर म्हातारा माणूस लागतो, आणि तो जिना न चढता, चहासकट मिळत असेल तर विद्यार्थी दुसरीकडे कशाला तंगडतोड करतील? शास्त्रात याला 'सोयीचा नमुना' असं भारदस्त नाव आहे. काकांना ते नाव कळलं त्या दिवशी त्यांचा चेहरा असा खुलला, की जणू दीक्षान्त समारंभ त्यांच्या हॉलमध्येच झाला.

मूळचे ते बस डेपोतले. आयुष्यभर वेळापत्रकं बनवली. बसगाड्यांनी ती कधी पाळली नाहीत, पण तो बसगाड्यांचा दोष. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराचं वेळापत्रक बनवलं. काकूंनी ते नीट वाचलं, फ्रिजवर चिकटवलं आणि आपल्या वेळेने आपल्या कामाला लागल्या. काकांना काही उद्योग उरला नाही. तेवढ्यात पहिला विद्यार्थी दारात आला आणि काकांना दुसरी नोकरी लागली.

'म्हातारपण आणि मोबाइल' झालं, 'म्हातारपण आणि वर्तमानपत्र' झालं, 'पडण्याची भीती' झाली. काका कधीच पडले नव्हते, पण विद्यार्थ्याचा हिरमोड नको म्हणून ते बाथरूममध्ये पडल्याचं असं हुबेहूब वर्णन करत, की काकूंनाच एकदा शंका आली. 'सुखी वार्धक्य' या विषयाला ते खळखळून हसत. 'एकटेपणा' हा विषय मात्र त्यांचा हातखंडा. त्या दिवशी ते काकूंना आधीच आतल्या खोलीत बसवत, कारण समोर बायको वावरत असली की एकटेपणाला बाधा येते. मग खिडकीकडे बघत म्हणत, "काय सांगू बाळा, भिंतीच आता माझ्याशी बोलतात." भिंतीच्या पलीकडे बसलेल्या काकू हे वाक्य तोंडपाठ म्हणू शकत.

अशात एक दिवस पीएचडी करणारी एक मुलगी आली. किडकिडीत, पाठीवर भलीमोठी पिशवी, आणि चेहऱ्यावर गाईडबाईंनी नुकतंच झापल्याचे भाव. विषय होता, 'निवृत्तीनंतर नवरा-बायकोत घरातल्या वेळेची वाटणी'. गाईडबाईंनी सांगितलं होतं की आधी माहिती कशी गोळा करणार त्याचा आराखडा दाखवा: कोणाला भेटणार, कुठे, कधी, काय विचारणार. त्यानंतरच घराबाहेर पाऊल टाका. दोनदा आराखडा परत आला होता. दोन्ही वेळा त्यावर एकच शेरा होता, 'अजून विचार करा'.

"सीनियर म्हणाले, उत्तरकाकांना भेट," ती अवघडून म्हणाली. "म्हणजे... सॉरी काका, ते तुम्हाला असं म्हणतात."

"म्हणू देत, म्हणू देत," काका म्हणाले. ते आतून फुलून आले होते. "बस. आण ते कागद इकडे. नियोजन म्हणजे काय ते तुझ्या बाईंना आता कळेल."

त्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं झालं. काकांनी पेन्सिली तासल्या, पट्टी काढली आणि पोरीच्या संशोधनाचे रकाने पाडले.

"माणसं जास्त घेऊ नकोस. दहा-बाराच्या पुढे तेच तेच ऐकू येतं. मुलाखत सकाळी नको, पाण्याची मोटर चालू असते, रेकॉर्डिंगमध्ये नुसती घरघर येते. दुपारीही लगेच नको, माणूस जेवून सुस्तावलेला असतो. पंखा बंद. खिडकी अर्धी. आणि लिहून घे, मोठ्या अक्षरात: खोलीत तिसरी व्यक्ती नको. तिसरा माणूस असला की बोलणारा मोकळं बोलत नाही. हे मी अनुभवाने सांगतो."

मुलगी भराभर लिहून घेत होती. काकूंनी पाण्याचे ग्लास ठेवले आणि रकान्यांवरून नजर फिरवून आत गेल्या.

प्रश्नांवर मात्र जरा खडाजंगी झाली. मुलीने लिहिलं होतं, 'तुमचा दिवस कसा जातो ते सांगाल का?' काकांना ते अगदीच मिळमिळीत वाटलं.

"त्यापेक्षा असं विचार, 'निवृत्तीनंतर तुम्ही घरकामात किती मोलाची मदत करता?'"

"पण काका, तो सूचक प्रश्न झाला. उत्तर आपणच तोंडात घातल्यासारखं."

"मग? समोरच्याला काही दिशा नको का?"

मुलीने मान डोलावली आणि प्रश्न होता तसाच ठेवला. किडकिडीत असली तरी अगदीच लेचीपेची नव्हती.

शेवटी रकाना आला बायकांचा. गाईडबाईंचा हुकूम होता: नवरा-बायकोची मुलाखत वेगवेगळी घ्यायची. काकांनी स्वतःला भरघोस वेळ दिला, चहाला सुट्टी दिली आणि खाली थोडी जागा उरली होती तिथे 'सौ.' असं बारीक अक्षरात लिहिलं.

"हिला कितीसा वेळ लागणार? हो-नाही, हो-नाही, की आटपलं. आधी आमच्याकडेच चाचणी घेऊन टाक. घरचंच कार्य आहे."

आराखडा गाईडबाईंकडून चक्क मंजूर होऊन आला. काकांनी ही बातमी वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांना सांगितली, इस्त्रीवाल्याला सांगितली, आणि फोनवर लेकीलाही सांगितली. लेक म्हणाली, "बाबा, पीएचडी तिची आहे ना?" काकांना लाइनमध्ये खरखर ऐकू आली.

चाचणीचा दिवस उजाडला. काकांनी पांढरा शर्ट घातला. आतल्या खोलीतला पंखा बंद झाला, खिडकी अर्धी झाली आणि काकांची मुलाखत सुरू झाली. ते छान बोलले. घरातली निम्मी कामं आपण कशी उचलली आहेत ते त्यांनी सोदाहरण सांगितलं. उदाहरण एकच होतं, दूध आणण्याचं, पण त्यावर त्यांनी बऱ्याच बाजूंनी प्रकाश टाकला.

मग काकूंची पाळी आली. त्या पदराला हात पुसत आल्या आणि खुर्चीवर टेकल्या. काकाही शेजारी ऐसपैस बसले.

"काका," मुलगी हळूच म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर थांबाल का?"

"मी? माझ्याच घरात?"

"खोलीत तिसरी व्यक्ती नको. तुम्हीच लिहायला सांगितलंत. मोठ्या अक्षरात."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. काका उठले. दार लागलं, आणि आतून कडीचाही आवाज आला. इतक्या वर्षांत त्या दाराची कडी आतून कधी लागली होती, ते काकांना आठवेना.

सुरुवातीला ते निवांत होते. हो-नाही, हो-नाही, आत्ता येतील बाहेर. त्यांनी पेपर वाचला. शब्दकोडं सोडवलं. आतून काकूंचा आवाज येत होता, संथ, न थांबता; शब्द कळत नव्हते. मग हसणं ऐकू आलं. दोघींचं. काकांनी स्वतःच्या आठवणीत काकूंचं असं हसणं शोधलं आणि ते फार मागे जाऊन सापडलं. नंतर आत अगदी शांत झालं, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

काकांनी पाण्याचा ग्लास नेऊन दार वाजवलं. दार फटीइतकं उघडलं, एक हात आला, ग्लास घेऊन गेला, दार मिटलं. थोड्या वेळाने त्यांनी रिकामा ग्लास मागायला पुन्हा दार वाजवलं. "नंतर!" असा आतून काकूंचाच आवाज आला. काकूंनी काकांना 'नंतर' म्हणणं हासुद्धा नवीनच प्रकार होता.

बँकवाले जिना उतरून पेपर मागायला आले, तेव्हा काका दाराला कान लावून उभे होते.

"काय हो, काय चाललंय?"

"कडी सैल झालीय," काका म्हणाले. "बघत होतो."

कलत्या उन्हात दार उघडलं. मुलीचे डोळे लाल होते आणि चेहरा मात्र लॉटरी लागल्यासारखा. काकू शांतपणे स्वयंपाकघरात गेल्या आणि भाजी चिरायला बसल्या.

"एवढं काय बोलत होतीस?" मुलगी गेल्या गेल्या काकांनी विचारलं.

"तिने विचारलं, मी सांगितलं."

"अगं पण काय?"

"ते गोपनीय असतं ना? तुम्हीच सांगता सगळ्या पोरांना."

काकांचा जीव टांगणीला लागला. रात्री जेवताना त्यांनी गोडीगुलाबीने विचारून पाहिलं, सकाळी रागाने. दुपारी 'मला काय त्याचं' असं तीनदा म्हणून पाहिलं. काकू ढिम्म. शेवटी त्यांनी मुलीला फोन केला आणि आराखड्याच्या दृष्टीने काही दुरुस्ती लागेल का, असं आडून विचारलं. मुलगी म्हणाली, "काका, काकूंनी सांगितलेलं मला कोणालाच सांगता येत नाही. तुम्हाला तर नाहीच."

'तुम्हाला तर नाहीच' या शब्दांनी काकांची झोप उडाली. आपण असं काय केलंय? त्यांनी आठवून पाहिलं. वाईट असं काहीच आठवेना, आणि चांगलं म्हणावं तर दूध.

असे दोन आठवडे काढल्यावर त्यांनी शर्टाला इस्त्री केली, रस्ता ओलांडला आणि ते थेट गाईडबाईंच्या खोलीत गेले. संशोधनाने आजवर त्यांच्याकडे यावं, असा रिवाज होता. ते संशोधनाकडे पहिल्यांदाच चालले होते. गाईडबाई पुस्तकांच्या ढिगाआड बसल्या होत्या.

"मी तो... आराखडा केला त्या मुलीचा. समोर राहतो."

बाईंनी चष्मा वर केला. "म्हणजे 'भिंतीच आता माझ्याशी बोलतात', ते तुम्ही?"

काका चमकले. "पण आमचं नाव तर कुठे येत नाही ना?"

"नाव कशाला हवं? दरवर्षी एका प्रबंधात त्या भिंती बोलतात. एकात तुम्ही विधुर होतात." बाई हसल्या नाहीत, हेच फार झालं. "रागावू नका, पण आमच्या मुलांना मी आता तुमच्याकडे यायला बंदी केली आहे. आणि हिचा आराखडाही बदलला. नवऱ्यांच्या मुलाखती थांबवल्या."

"का बरं?"

"नवीन काही मिळत नाही. चौघांना विचारलं, चौघांनी दूध आणलं. शास्त्रात त्याला संपृक्तता म्हणतात, म्हणजे भांडं भरलं. आता फक्त बायकांशी बोलणार."

हात दाखवून अवलक्षण करून घेतलेले काका परत आले. सोयीचा नमुना गैरसोयीचा झाला होता. त्या संध्याकाळी त्यांनी कोणालाच काही सांगितलं नाही, इस्त्रीवाल्यालाही नाही.

दोन दिवस मूग गिळून बसल्यावर त्यांनी ठरवलं, आपणच घ्यायची मुलाखत. नियोजन तर येतंच. त्यांनी पंखा बंद केला, खिडकी अर्धी केली, काकूंना समोर बसवलं.

"हं. तुझा दिवस कसा जातो ते सांगशील का?" नाइलाजाने का होईना, त्यांनी मुलीचाच प्रश्न घेतला.

"मध्ये बोलायचं नाही. ती पोरगी मध्ये बोलत नव्हती."

"नाही बोलत."

"तुम्ही निवृत्त झालात, त्या दिवशी हार गळ्यात घालून घरी आलात..."

"शुक्रवार होता."

"झालं," काकू म्हणाल्या आणि उठून पंखा लावला.

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा बसले. तोंडात लवंग धरली, म्हणजे जिभेला काहीतरी काम राहील. काकूंनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. ते खरंच काही बोलत नाहीत अशी खात्री पटल्यावर त्या म्हणाल्या, "दुपारी मी रेडिओ ऐकायचे. तुम्ही कामावर असायचात तेव्हा. भांडी आवरून झाली की पाय पसरून बसायचे आणि मोठ्याने लावायचे. सोबत म्हणायचेसुद्धा. तुम्ही घरी बसायला लागलात आणि दुपारी झोपायला लागलात. तेव्हापासून तो कपाटात आहे."

काकांच्या जिभेवर चार वाक्यं एकदम आली. मला सांगायचंस. मी कुठे नको म्हणालो. हळू लावायचास. त्यात काय एवढं. लवंगेमुळे म्हणा, भीतीमुळे म्हणा, चारही आत राहिली. मग त्यांनी विचारलं, "एवढंच?"

"छे. एवढ्याला काय इतका वेळ लागतो?" काकू उठल्या. "पण आजच्यापुरतं एवढंच."

काकांनी स्टुलावर चढून कपाटाच्या वरच्या खणातून रेडिओ काढला. धूळ पुसली, नवे सेल आणले, खडखड करून स्टेशन लावून पाहिलं आणि काहीच न बोलता ओट्यावर नेऊन ठेवला. हे एवढं सगळं कुठल्याही रकान्याशिवाय पार पडलं.

पुढच्या दुपारी जेवण झाल्यावर काका पलंगावर आडवे झाले. डोळा लागतोय न लागतोय तोच स्वयंपाकघरातून गाणं सुरू झालं, आणि मागून काकूंचा आवाज, सुरात नसलेला पण ठाम. काकांनी या कुशीवरून त्या कुशीवर होऊन पाहिलं. उशी कानावर घेतली. शेवटी ते उठून दारापर्यंत गेले. काकू जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या आणि बोटांनी गुडघ्यावर ठेका धरला होता.

"जरा आवाज..."

"काय म्हणालात?" काकूंनी मान वळवली.

"काही नाही. म्हटलं, आवाज छान आहे."

"हो ना?" काकू म्हणाल्या आणि हात लांब करून तो आणखी थोडा वाढवला.