सासऱ्यांची काकी

माझ्या सासऱ्यांइतका उभा राहिलेला माणूस अख्ख्या शिरूर तालुक्यात दुसरा नसेल. निवडणुकीला नव्हे, नुसता उभा. बसणं ही गोष्ट त्यांना लहानपणी कोणी शिकवलीच नसावी. लग्नात अक्षता पडायच्या आत ते मांडवाबाहेर जाऊन सगळ्यांच्या गाड्या नीट लागल्यात का ते बघून येतात. जेवताना पहिली भाकरी ताटात मोडतात आणि दुसरी हातात घेऊन गोठ्याकडे निघतात. आमच्या यवतच्या घरी आले, की पाण्याचा तांब्या हातात घेतानाच विचारणार, "पाव्हणं, निघू का मंग?" त्यांच्या वडलांपर्यंत घराण्याचं बिऱ्हाड मेंढरांमागे गावोगाव फिरायचं. पुढे निमोण्याला जमीन झाली, पाणी आलं, ऊस-कांदा सुरू झाला, स्लॅबचं घर उभं राहिलं. पण आता थांबायचं, ही बातमी सासऱ्यांच्या पायांना कोणी कळवलीच नाही. सासूबाई म्हणतात, "ह्यांच्यासंगं संसार म्हंजी चालत्या टेम्पोत सैपाक."

अशा माणसाच्या गळ्यात माझ्या मेहुण्याने कुत्री बांधली. मेहुणा रांजणगावला कंपनीत आहे, राहतो वाघोलीला फ्लॅटमध्ये. तिथे त्याने हौसेने शित्झू जातीची कुत्री आणली होती. वीतभर उंची, बसकं नाक आणि अंगभर रेशमासारखे पांढरे केस. कंपनीने त्याला काही महिन्यांसाठी परराज्यात धाडलं, तेव्हा तो तिला निमोण्याला सोडून गेला. सासऱ्यांनी तिच्याभोवती फेऱ्या मारल्या, मेंढीचं वय बघावं तसा ओठ वर करून दात बघितले आणि म्हणाले, "आधी ठरवा, हे कुत्रं हाय का कोकरू. मंग कुठं बांधायचं ते बघू."

तिचं नाव कुकी. सासऱ्यांच्या तोंडी त्याचं पहिल्या दिवशीच काकी झालं. आता सासूबाईंच्या धाकट्या जावेला सगळी वस्ती काकीच म्हणते, त्यामुळे घोटाळे सुरू झाले. सासरे फोनवर माझ्या बायकोला सांगायचे, "काकीनं आज भाकरीला तोंड लावलं न्हाई. मी दूध पाजलं, कान पुसलं, तवा कुठं निजली." बायकोने घाबरून खऱ्या काकीला फोन लावला. ती बिचारी शेतात कांदे काढत होती.

मेहुणा रोज मोबाईलवर सूचना पाठवायचा. केस विंचरायचे, डोळे ओल्या कापसाने पुसायचे, कान कोरडे ठेवायचे. सासरे सगळं करायचे, पण चालता चालता. कुत्री काखेत, कंगवा हातात, आणि स्वारी मोटार चालू करायला विहिरीकडे. विंचरलेले केस निम्म्या शिवारात उडायचे. चैत्रात ऊन तापलं, तसं त्यांनी मेंढ्यांची कात्री काढली, काकीला ढुंगणावर बसवलं आणि बघता बघता सगळी लोकर उतरवली. व्हिडिओ कॉलवर तो खारीएवढा जीव बघून मेहुणा ओरडलाच.

"आप्पा, हे काय केलं तुम्ही?"

"उन्हाळ्याची कातरली. तुझी बी वाढल्यात, ये इकडं."

रोज सकाळी ते तिला रानात न्यायचे. ती पाटाच्या पाण्याच्या चारीपर्यंत जायची आणि तिथे बसायची. ओढली तरी हलायची नाही. रागवावं तर ओलसर डोळ्यांनी बघत राहायची. सासरे या पायावरून त्या पायावर होत उभे राहायचे, पुढे जाऊन परत यायचे, कोणाला तरी हाक मारायचे. ती उठली, की निघायचे. पिसाळलेल्या बैलासाठी न थांबलेला माणूस या मुठीएवढ्या कुत्रीसाठी थांबतो, हे बघायला शेजारीपाजारी बांधावर येऊ लागले.

मे महिन्यात माझ्या मुलीचा वाढदिवस होता. बायकोने फोनवर बजावलं, "आप्पा, उन्हं उतरल्यावर निघा." "व्हय, व्हय," ते म्हणाले आणि फोन ठेवून निघालेच. मोटरसायकलवर पुढे पिशवी, पिशवीत काकी. न्हावऱ्यावरून चौफुला आणि तिथून हायवेने यवत. माझं हायवेलगत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. भर दुपारी ते दारात उतरले आणि पिशवी माझ्यापुढे धरून म्हणाले, "पाव्हणं, काकी मान धरंना."

तिची जीभ जांभळी पडून बाहेर लोंबत होती. छाती भात्यासारखी हलत होती. मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते जवळच होते, लगेच आले. त्यांनी तिच्या पोटावर, पंजांवर ओली फडकी ठेवायला लावली, कूलर तोंडाशी ओढला, सलाईन लावलं.

"बाबा," डॉक्टर म्हणाले, "कुत्र्याचं अंग श्वासावर गार होतं. हिचं नाक हे असं. हिला साधा श्वास पुरत नाही, आणि तुम्ही हिला या उन्हातून आणली. पुन्हा असं झालं तर वाचायची नाही."

"मंग आता मी काय करू?"

"काही करू नका. जवळ बसा आणि फडकी भिजवत राहा."

सासरे तांब्याच्या तारांच्या रिळांशेजारी फरशीवर बसले. गिऱ्हाइकं आली, गेली. चहा आला, निवला. गुडघा तेवढा एकसारखा हलत होता, बाकी माणूस जागचा हलला नाही. मी म्हणालो, "आप्पा, तुम्ही घरी जाऊन जेवून या. मी बघतो हिच्याकडं."

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. मग फडकं पिळता पिळता खाली बघत म्हणाले, "मला दम धरवला न्हाई, पाव्हणं. म्हणून हिचा दम चालला."

उन्हं कलल्यावर काकीने मान उचलली आणि त्यांच्या बोटावरचं पाणी चाटलं. सासऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढून त्या टोपीनेच स्वतःचं तोंड पुसलं. माझ्याकडे पाठ केली होती, म्हणून मीही तारांची रिळं आवरायला घेतली.

मेहुणा परत आला तेव्हा म्हणाला, "आप्पा, रमलीय ती इथं. राहू द्या तुमच्यापाशीच." सासऱ्यांनी मान हलवली. "घेऊन जा. तिथं एसी हाय. पुढचा उन्हाळा हिला इथं न्हाई सोसायचा." तिचा कंगवा, कापूस, पाण्याची वाटी, सगळं त्यांनीच पिशवीत भरलं आणि गाडी निघायच्या आतच रानात निघून गेले.

परवा आम्ही निमोण्याला गेलो होतो. मेहुण्याने व्हिडिओ कॉल लावला. सासरे रेंज शोधत अंगणभर फिरले आणि जांभळीखाली थबकले. "काकी," त्यांनी हाक मारली. मोबाईलवर ती धावत येताना दिसली, आवाज हुंगत सोफ्याखाली गेली, खिडकीच्या पडद्यामागे गेली, मेहुण्याच्या मांडीवर चढली. तिची लोकर पुन्हा वाढून कपाळावरून खाली आली होती.

"केस वर बांध रे तिचं," सासरे म्हणाले. "मी दिसंना तिला."