गंगीची रेघ

नवऱ्याचं नाव बाईनं घेऊ नये म्हणत्यात. मी घेणार. आकाराम. एवढा जन्म संसारात घालवला, आता नाव घेतल्यानं काय आभाळ कोसळतंय? गडी साधा. आधी गुऱ्हाळावर राबला, ते बंद पडल्यावर कळंब्याच्या पुढं सोडवून आणलेल्या जनावरांच्या केंद्रात लागला. पिंजरं झाडायचं, पाणी भरायचं, माकडांस्नी खायाला घालायचं.

तिथं गंगी हुती. मदाऱ्याकडनं सोडवून आणलेली माकडीण. लहानपणापास्नं माणसांत वाढलेली, माकडांची रीतभात तिला ठावंच न्हाय. मोठ्या पिंजऱ्यात कळप एका अंगाला, ही एका अंगाला. हे आत गेलं की मात्र हिची उडी ह्यांच्या खांद्यावर. घरी आलं की पयला विषय गंगी. मला ताप आलाय हे ह्यांना शेजारणीनं सांगितल्यावर कळलं, पण गंगीनं अर्धं केळं टाकलं हे बरोबर ध्यानात. राग यायचाच की मला.

मग संघप्रिया म्याडम आल्या. कोल्हापूरच्याच. माकडं एकमेकांशी कशी वागत्यात ह्याचा अभ्यास करायच्या. पिंजऱ्याच्या कोपऱ्यांत कॅमेरं बसवलं. कॉम्प्युटर प्रत्येक माकडावर एक ठिपका ठेवायचा, माकड हललं की ठिपका त्याच्या मागं. कोण कुणाशेजारी जास्त बसतंय, त्या दोन ठिपक्यांतली रेघ जाड व्हायची. दारातल्या रांगोळीगत. पयल्या चित्रात गंगीचीच रेघ सगळ्यांत जाड निघाली. म्याडमना नवल वाटलं. बघत्यात तर पलीकडचा ठिपका आमचा आकाराम! उकिडवं बसून फरशी घासणाऱ्या माणसाला मशीननं माकड समजलेलं. सगळ्यांची हसून हसून पुरेवाट झाली. हे घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगाय लागलं. मी म्हटलं, मशीनला अक्कल हाय म्हणायची.

म्याडमनी ह्यांचा ठिपका काढून टाकला. गंगीला एक बी रेघ उरली न्हाय.

ह्यात हसण्यासारखं काय न्हवतं. पावसाळा सरला की कळप गगनबावड्याच्या रानात सोडायचा ठरलेला. ज्याची कळपाशी रेघ जुळली त्याला रान, न्हाय जुळली त्याला जन्मभर एकट्याचा पिंजरा. म्याडम म्हणाल्या, गंगीला राहू दे हितंच, जबरदस्ती नको. ह्यांना ते पटंना. कळंब्याच्या जेलातनं बी माणूस कधीतरी सुटतंय, हिनं काय पाप केलंय, असं जेवताना बडबडायचं.

पुढं काय केलं ते मला लई उशिरा कळलं. गंगी बसायची तिथं हे भुईमुगाच्या शेंगा टाकाय लागलं. कॅमेऱ्याकडं पाठ करून, झाडता झाडता. शेंगांच्या पायी सगळी माकडं गंगीला खेटून बसाय लागली. मशीनला शेंगा दिसत न्हवत्या, ठिपकं तेवढं दिसत हुतं. रेघा जाड झाल्या. म्याडम बी भुलल्या.

गंगीला गाडीत घातली त्या दिवशी हे जिलबी घेऊन आलं. "पोरगी नांदाय गेली," म्हणालं. मी बी खाल्ली जिलबी, खोटं कशाला बोलू? पीडा टळली म्हणून मला बरंच वाटलं.

पण खायाला घालून जुळवलेली सोयरीक कुठवर टिकणार? रानातल्या झाडांवर बी कॅमेरं हुतं, त्यात सगळं दिसलं. कळप दरीत उतरला, गंगी मागं गेली तर चावून चावून हाकलली तिला. ती वर घाटाच्या रस्त्याला आली. मदाऱ्यानं शिकवलेलं तेवढंच तिला येत हुतं. दोन पायांवर उभी राहून, कपाळाला हात लावून, येईल त्या गाडीला मुजरा करायची. माणसं हसून फोटो काढायची आणि निघून जायची. हे न्यायला पोचायच्या आधीच एका ट्रकनं तिला उडवली.

ह्यांनी तिला आपल्या हातानं घाटातच पुरली. म्याडमना शेंगांचं सगळं सांगितलं. त्या रागावल्या न्हाईत, नुसत्या रडल्या. घरी आल्यावर हे उंबऱ्यात बसलं. ताट वाढलं, शिवलं न्हाय.

"मीच मारली की गं तिला," म्हणालं. "पिंजऱ्यात जित्ती राहिली असती."

ह्यांच्या बोलण्याला माझं उत्तर कायम तयार असतंय. तुमचा काय दोष न्हाय, एवढंच म्हणायचं हुतं. पण दोष हुता, आणि ते दोघांनाबी ठावं हुतं. मी ताट उचलून आत नेलं.