ओटीतली साडी

ओटीत आलेली साडी मी ठेवून घेतली आणि वर नवऱ्याला सांगितलं, माहेरहून आली. माझ्या माहेरानं लग्नानंतर दोन वर्षांत साधा हातरुमाल पाठवला नव्हता, तरी त्यांनी विश्वास ठेवला. हुशार माणसांचं असंच असतं. दप्तरातली एक काना-मात्रा चुकली तर लगेच दिसते, आणि बायको तोंडावर थाप मारते ती मात्र खरी वाटते.

हे तलाठी होते. आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी, भातखाचरांचं गाव. गावात त्यांना भाऊसाहेब म्हणत. बिऱ्हाड मांडलं त्याच दिवशी त्यांनी बजावलं, "सरकारी माणसाला लोकांकडून काही घेता येत नाही. घरचेही त्यात येतात. म्हणजे तूसुद्धा." मला केवढा मान वाटला! सरकारच्या नियमात आपण आहोत म्हणून चार दिवस मिरवत होते. परवा नातीला तलाठ्याची ऑर्डर आली. तिनं नियम वाचून दाखवले, त्यात घरचे अजून आहेतच. म्हणून हे लिहायला घेतलं.

सुरुवातीला मी फार कडक होते. आंबेमोहोर तांदूळ आला, परत. मधाची बाटली आली, परत. एका म्हाताऱ्यानं उंबऱ्याशी कोंबडी बांधून ठेवली, तर ती काखेत मारून मी त्याच्यामागे गावभर पळाले. लोकांना माझा प्रामाणिकपणा कळला की नाही देव जाणे, कोंबडीचं ओरडणं मात्र वेशीपर्यंत गेलं.

मग एका शुक्रवारी एक बाई हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आली. "वैनी, तुमी गावात आल्यापासून ओटी भरायची राह्यलीय. बसा पाटावर." नारळ, तांदूळ, खण आणि त्याखाली साडी. मोरपंखी रंग, डाळिंबी काठ. पदराला हातानं केलेले गोंडे, मधूनमधून पिवळा धागा गुंफलेला. मी म्हणाले, "अहो, साडी नको." ती म्हणाली, "ओटीला न्हाई म्हनत्यात व्हय? अपशकुन करता का राव!" तांदूळ, कोंबडी परत करता येते, ओटी कशी परत करणार? मी देवाला पुढे केलं आणि साडी मागे दडवली. खरं सांगायचं तर माझं मन त्या गोंड्यांतच अडकलं होतं.

त्या बाईच्या घरचं काम ह्यांच्याकडे आहे, हे मला ठाऊक नव्हतं, असं लिहायला पेन आत्ताही सरसावतं. पण ठाऊक होतं. तिचा थोरला दीर वारला होता. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे धाकट्या भावानं, विधवा भावजयीचा अंगठा हक्कसोडीच्या कागदावर घेतला होता आणि खाचरं एकट्याच्या नावावर लावायला तो कागद ह्यांच्याकडे दिला होता. चावडीवर नोटीस लागली. पंधरा दिवसांत हरकत आली तर नोंद थांबणार आणि वरती चौकशी होणार, न आली तर खाचरं धाकट्याची.

त्या पंधरा दिवसांतच मी ती साडी नेसून गिरणीत गेले. दळणाला कोरी करकरीत साडी नेसून जाणारी आख्ख्या तालुक्यात मी एकटीच असेन. गिरणीच्या दारात ती विधवा बाई उभी होती, हातात पिशवी. तिनं माझ्याकडे पाहिलं, जवळ आली, पदराचा एक गोंडा चिमटीत धरला.

"कुठली वो साडी, बाई?"

"माहेरची," मी ठसक्यात म्हणाले.

तिनं गोंडा अलगद सोडला. म्हणाली, "लई खुलून दिसती." आणि आमच्या घराकडे, कचेरीकडे जाणारा रस्ता सोडून आल्या वाटेनं परत गेली. मला वाटलं, जळली. चला, एकीला तरी जाळलं!

घरी हे रोज विचारायचे, "ती बाई आली होती का ग? कागद मला बरा वाटत नाही. पण तिनंच काही म्हटलं नाही तर माझ्या हातात काय आहे?" नोटीस पोचवायला गेलेल्या कोतवालाला त्यांनी मुद्दाम पुन्हा पाठवलं. ती आली नाही. पंधरा दिवस सरले, नोंद मंजूर झाली. ती गाव सोडून कुठंतरी कामाला गेली.

ह्यांनी आयुष्यभर कुणाचा चहा घेतला नाही. निवृत्तीनंतर, अगदी दुखण्यात पडल्यावरसुद्धा, मधेच म्हणायचे, "ती बाई का आली नसेल?" मी उशी सारखी करायचे. तीन वर्षांपूर्वी ते गेले, तो प्रश्न तसाच घेऊन.

आणि गेल्या उन्हाळ्यात आळेफाट्याला, बस चुकली म्हणून एका हॉटेलात शिरले, तर चुलीपुढे भाकऱ्या थापत तीच. केस पांढरे, हात तेच. मी ओळख दिली. तिनं मला तव्यावरची पहिली भाकरी वाढली, पैसे घेणार नाही म्हणाली. घास हातातच राहिला. ह्यांचा प्रश्न मी तिला विचारला. का आला नाहीत?

तिनं सगळं सांगितलं, भाकरी उलटता उलटता. साडी तिच्या नवऱ्यानं दिवाळीसाठी आणलेली, शेवटची. गोंडे तिनं बसून केलेले, घडी मोडायच्या आधीच कपाळ पांढरं झालं. जावेनं पेटीतून नेली, तुला आता कशाला लागतीय म्हणून.

मी म्हटलं, "पण ह्यांना काही माहीत नव्हतं हो. ते तुमचीच वाट बघत होते. गिरणीतच मला सांगायचं होतंत."

तिनं पिठाचे हात झटकले.

"काय बोलू बाई? अर्ज पिशवीतच व्हता, तुमच्याकडंच निगाले व्हते. तुमी म्हनला, माहेरची. म्हनलं, जिथं माजी साडी बाईंच्या माहेरची झाली, तिथं माजं खाचर माजं कशानं ऱ्हाईल?"