आईची आगाऊ साक्ष

आईला काचबिंदू होता, आणि रोज झोपण्याआधी तिच्या डोळ्यांत थेंब घालणं हे माझं काम होतं. एका शुक्रवारी ती म्हणाली, "आता नको." तिथून पुढे मी जी दमले आहे, ती अजून दमलेलीच आहे.

आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. वडिलांच्या नोकरीपायी बेंगळुरूला आलो आणि चामराजपेटेतच राहून गेलो. रविवारी आमची मोजकी मराठी घरं एका शाळेच्या वर्गात भक्तीला जमतात. तिथला उपदेश लांबलचक आणि झोप आणणारा असतो, हे मान्य. त्यामुळे शेजारणीबरोबर आई शुक्रवारी शहराबाहेर बोम्मसंद्र्याच्या प्रार्थनासभेला जाऊ लागली, तेव्हा मी मोडता घातला नाही. म्हातारीला जरा विरंगुळा, एवढंच मनात आलं.

सभा भरायची बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये. उपदेशकाला सगळे ब्रदर म्हणत. त्या शुक्रवारी मीही गेले होते. देवाच्या लेकराने गरीब राहणं हा देवाचा अपमान आहे, असं ब्रदरने सांगितलं आणि पुरावा म्हणून स्वतःच्या नव्या गाडीची कथा ऐकवली. मग 'पेराल तर उगवेल' म्हणत दानपेट्या फिरल्या. पेरायचं आम्ही आणि पीक त्याच्या दारात, ही शेती माझ्या डोक्यात शिरली नाही.

नंतर आजाऱ्यांना पुढे बोलावलं. ब्रदरने स्वतःचा चष्मा रुमालाने पुसला, नीट चढवला आणि मग आईच्या डोळ्यांवर हात ठेवला. तिथली रीत अशी की बरं होण्याची वाट बघायची नाही. 'बरा झालो' अशी साक्ष आधी द्यायची, देव ती मागाहून खरी करतो. आईने माइकवर सांगितलं, मी बरी झाले. टाळ्या पडल्या.

परतीच्या बसमध्ये मी चष्म्याचा विषय काढला.

"तो त्याचा प्रश्न," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

रात्री मी थेंबांची बाटली आणली, तर तिने माझा हात बाजूला केला. "साक्ष दिलीय ना मी? आता औषध घातलं तर ती खोटी ठरेल."

आमच्यात साक्ष म्हणजे देवासमोर घेतलेली शपथच. आणि आई इतकी खरी बाई, की नकोसा माणूस दारात आला तरी 'घरात कुणी नाही' असं कधी सांगायची नाही. लबाड बाई असती तर टाळ्या घेऊन घरी गुपचूप थेंब घातले असते आणि तिचे डोळे वाचले असते. मी समजावलं, भांडले, रडलेसुद्धा. पालथ्या घड्यावर पाणी. कचेरीतून आल्यावर तेच ते बोलायचं त्राणही हळूहळू संपलं.

काचबिंदूत नजर आधी कडांची जाते. समोरचं दिसत राहतं, म्हणून आई खुशीत होती. देव साक्ष खरी करतोय, असं तिला वाटत होतं.

असे काही महिने गेले. मग आमच्याकडचा एक प्रभुभोजनाचा रविवार आला. द्राक्षरसाच्या इवल्या पेल्यांचं तबक रांगेतून हातोहात पुढे सरकतं. ते आईच्या डावीकडून आलं. डावीकडे बसलेल्या बाईने धरून ठेवलं, तरी आईचा हात पुढे होईना. तेवढ्यात ती पदर सारखा करायला गेली आणि तिच्या कोपराने तबक उलटलं. रस तिच्या पांढऱ्या साडीभर सांडला.

"कुठून आलं गं हे?" तिने मला विचारलं. मी रुमालाने तिची साडी टिपू लागले.

गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी टिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी सभेला फोन केला. तिथली कुणी अक्का गोड आवाजात म्हणाली, "घरात कुणाचा तरी विश्वास स्वल्प कमी पडला असेल." म्हणजे माझा. भांडायला हवं होतं. मी फोन ठेवला आणि कुकर लावला.

त्या रात्री आईने मुकाट्याने थेंब घालून घेतले. डोळे मिटूनच म्हणाली, "शुक्रवारी मला तिकडे घेऊन चल." पुन्हा तेच, असं वाटून माझा जीव अगदी विटला. पण नेलं.

ती साक्षीच्या रांगेत उभी राहिली. माइक हातात आल्यावर तिच्या मोडक्या कन्नडमध्ये म्हणाली, "इथंच मी बरी झाले म्हणून सांगितलं होतं. ते खरं नव्हतं." लगेच कीबोर्ड वाजू लागला आणि माइक बंद झाला. तिचे ओठ मात्र हलतच होते. पायऱ्या तिला दिसत नव्हत्या, मी हात धरून खाली आणलं.

"लोकांनी ऐकलं?"

"थोडंसं. औषधाचं नाही ऐकू आलं."

"सरी, असू दे," ती म्हणाली. "मग दाराशी थांबू."

मला घरी जायचं होतं. पाय दुखत होते, शेवटची बस चुकणार होती. सभा सुटली, आणि आई चपलांच्या ढिगापाशी उभी राहून म्हणू लागली, "औषध सोडू नका. मी सोडलं, माझी नजर गेली." ती नाकासमोर बघून बोलत होती. तिथे भिंत होती. बायका तिच्या दोन्ही बाजूंनी चपला शोधत निघून चालल्या होत्या.

मी पिशवी खाली ठेवली, आईला खांद्यांना धरलं आणि बायका येत होत्या त्या बाजूला वळवलं.