दारावरच्या काचेतला हात

आमच्या गल्लीत एका उन्हाळ्यात काचेवर चित्रं काढायची साथ आली. कांजिण्या फिरतात तशी ती घरोघर फिरली. वर्ध्यात आमच्या भागात ज्या घरी जावं तिथे शोकेसच्या काचेवर मोर. सगळे मोर सारखेच, कारण कागदावरचा नमुना एकच होता आणि तो आळीपाळीने सगळ्यांच्या काचेखाली जायचा. आईलाही लागण झालीच.

कृती सोपी. नमुन्यावर काच ठेवायची, ट्यूबमधल्या काळ्या रंगाने रेघा ओढायच्या, त्या वाळल्या की मधल्या जागेत रंग सोडायचा आणि बुडबुडा आला की टाचणीने फोडायचा. अवघड होतं ते आमचं. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून आई कूलर बंद करायची. मे महिन्यात वर्ध्यात कूलर बंद म्हणजे काय, ते तिथे राहिलेल्यांनाच कळेल. बाबा बनियनवर बसून पेपरने वारा घ्यायचे आणि म्हणायचे, "मोर तुहा, अन् भाजून राह्यलो आमी."

मोरांवर हात बसल्यावर आईने बुद्धाचं चित्र घेतलं. बसलेली मूर्ती, अभय देत वर उचललेला उजवा हात. समोरच्या दारावर उजेडासाठी काच होती, तिच्या मापाची नवी काच आणली. बुद्धपौर्णिमा जवळ आली होती आणि त्या दिवशी आमच्याकडे खीर खायला सगळी वस्ती यायची. रंग पावसाने धुपू नये म्हणून रंगाची बाजू घराच्या आत घेतली. सकाळचं ऊन त्यातून आलं आणि फरशीवर चिवराचा केशरी रंग पसरला. आई त्यात पाय ठेवून उभी राहिली. तिला इतकं खूश मी क्वचितच पाहिलं आहे.

संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले ते सायकल धरून फाटकातच थांबले. आत दिवा लागला होता, त्यामुळे काच बाहेरून उजळली होती.

"हात उलटा हाय," ते म्हणाले.

मागून पाहिलं की काचेवरचं चित्र फिरतं, एवढी साधी गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. मोराचं तोंड इकडे की तिकडे, कोण विचारतो? पण रस्त्यावरून बुद्धाचा डावा हात वर दिसत होता.

"काढून टाक," बाबा म्हणाले. "पौर्निमेले लोक येतीन. डाव्या हातानं अभय देते का कोनी?"

आई डावखुरी. शाळेत त्या हातावर छड्या खाल्लेल्या, सासरी पंगतीत "उजव्या हातानं वाढ" हे ऐकत आलेली. बाबांना ते तेव्हा सुचलं नसावं. सुचलं असतं तर ते तसं बोलले नसते, इतके काही ते वाईट नव्हते.

"या घरात माह्या मनानं केलेली एवढी एकच वस्तू हाय," आई म्हणाली. "तुमाले काढाची असन तं तुमीच काढा." आणि ती पोळ्या लाटायला गेली. मला बाबांचा भयंकर राग आला.

बाबांनी काच काढली, पण फेकली नाही. काचवाल्याला आणून ती फिरवून बसवली, रंगाची बाजू बाहेर घेतली आणि पावसासाठी वरून साधी काच लावली. रस्त्याला उजवा हात मिळाला, घराच्या वाट्याला डावा आला. पौर्णिमेला लोकांनी खीर खाल्ली, काचेची तारीफ केली. आई पदराला हात पुसत ऐकत राहिली. पुढे साथ ओसरली, गल्लीतले मोर माळ्यावर गेले, आईचे रंग बाटल्यांतच वाळले. तो रंगांचा उग्र वास, तो बंद कूलर, घामाने चिकटलेली पाठ, सगळं त्या उकाड्यासकट परत मिळालं तर मी आज आनंदाने घेईन.

आता बाबांचं चालणं कमी झालंय. दिवसभर हॉलमध्ये दारासमोरच्या खुर्चीत असतात. मागच्या खेपेला मी माहेरी गेले तेव्हा म्हणाले, "काचवाल्याले बोलाव. थे काच फिरवाची हाय."

"काऊन?" मी विचारलं.

"तुह्या मायले इतके वर्षं उलटाच हात दिसून राह्यला. मी इथं बसाले लागलो तवा ध्यानात आलं." माझा जुना राग कुठे गेला कोण जाणे, मला त्यांची माया आली.

आई मेथी निवडत ऐकत होती. तिने मान वर केली नाही.

"राहू द्या," ती म्हणाली. "सैपाकघरातून मले थोच दिसते. पोराईच्या परीक्षा झाल्या, तुमचं आपरेशन झालं, मी त्याच हाताकडं पाह्यलं. मले तं डाव्याच हातानं अभय देल्लं त्यानं."