केरबाची गाडी आपोआप लॉक होते

शिवाजी पेठेत गाड्यांचं वायरिंग करणारी बाई एकच, नीलाक्का. दुकानावर पाटी नवऱ्याच्या सीट कव्हरची, पण बॉनेटमध्ये डोकं घातलेली दिसते ती हीच. नवं गिऱ्हाईक येतं, चारी बाजूंना बघतं आणि विचारतं, "मिस्त्री कुठं हाईत?" नीलाक्का मान वर न करता सांगते, "मीच की. बोला, पावणं." मग कुणी बसतं, कुणी "जरा जाऊन येतो" म्हणतं आणि जातं ते कायमचंच. अमरेशला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, याचा भारी राग येतो. ती म्हणते, हॉर्न बसला की येतील.

आणि खरंच, हॉर्न आणि बल्ब एवढ्यासाठीच लोक यायचे. मोठं काम तिच्या हाती द्यायला पेठेचा जीव धजत नव्हता. वायर ओढायची विद्या तिनं जयसिंगपुरात माहेरी घेतली होती. वडील भरमाप्पा पंपाच्या जळक्या मोटारी दुरुस्त करायचे आणि चार भावंडांत तारांचा नाद लागला तो हिलाच. पण हे पेठेला कोण सांगणार?

अशात केरबा आला. साठीचा गडी, टॅक्सीवाला, रोज जोतिबाच्या डोंगरावर पावणं घेऊन जाणारा. आवाज असा की हॉर्नची गरज नाही. त्यानं जुन्या गाडीला रिमोटचा अलार्म आणि सेंट्रल लॉक बसवायला सांगितलं, वर म्हणाला, "माझी गाडी नीट चालली की स्टँडावरच्या अकराच्या अकरा गाड्या तुझ्याकडं." नीलाक्कानं तीन दिवस जीव ओतून काम केलं. एकच अट केरबानं घातली होती: गाडीत सांडलेला गुलाल झाडायचा नाही. देवाचा गुलाल. त्यामुळं सीट गुलाबी, पायपुसणं गुलाबी, काम संपेपर्यंत नीलाक्काही गुलाबी.

आठव्या दिवशी केरबा गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत आला. "आक्का, ही गाडी मला आत घेत न्हाय! किल्ली आत, मी भाईर, पावणं उन्हात! देवाच्या दारात लोकं हसाय लागल्यात!"

नीलाक्कानं सगळं तपासलं. टेस्ट लॅम्प लावून एकेक वायर बघितली, रिले बदलला, दारातल्या मोटारी उघडून परत बसवल्या. कुठं काही सापडेना. ती स्टिअरिंगवर बसून गाडी चालू करायची तेव्हा लॉक शहाण्यासारखं वागायचं. केरबा घेऊन गेला की दोन दिवसांत पुन्हा तेच. अखेर त्यानं निर्वाणीचं सांगितलं, "आज जमलं तर जमलं. न्हाय तर हे सगळं काढून टाक, आन् स्टँडावर मी खरं तेच सांगणार." दुसरी किल्ली त्यानं आता दोरा बांधून गळ्यातच घातली होती. हे काम गेलं तर जन्मभर बल्बच बदलायचे, हे नीलाक्काला स्वच्छ दिसत होतं.

तेव्हा तिला वडिलांची, अप्पांची रीत आठवली. मोटार आली की ते आधी हात लावायचे नाहीत. मालकालाच चालवायला लावायचे आणि बघत बसायचे.

"मामा, डोंगरावर कसं करताय तसंच करून दावा. जरासुद्धा बदल करू नगा."

केरबानं गल्लीतच डोंगर उभा केला. रिमोट दाबला, आपलं दार उघडलं, किल्ली रिमोटसकट सीटवर फेकली, कमरेनं दार ढकललं आणि हात वर करून गरजला, "चला पावणं, गाडी तयार हाय!" कोपऱ्यावरची दोन माणसं खरंच वळून बघायला लागली. नीलाक्का मनात आकडे मोजत होती. तिसाव्याला खट्ट! चारी दारं बंद, किल्ली आत.

"बघ! बघितलंस?"

तिनं बघितलं होतं, पण भलतंच. केरबानं दार उघडलं तेव्हा गाडीतला वरचा दिवा लागला नव्हता. गळ्यातली किल्ली मागून तिनं बाकीची दारं उघडून पाहिली. प्रत्येकाला दिवा लागला. केरबाच्या दाराला अंधार. दाराच्या चौकटीत एक छोटं बटण असतं. दार उघडलं की ते बाहेर येतं आणि गाडीला कळतं. इथं ते आतच रुतून बसलं होतं. लॉक उघडूनही कुणी दारच उघडलं नाही असं समजून अलार्म इमानदारीनं तीस सेकंदांनी गाडी परत बंद करत होता. स्टिअरिंगवर बसून गाडी चालू केली की तो गप्प राहायचा, म्हणून दुकानात चोर सापडत नव्हता.

केसातला आकडा काढून तिनं बटण उपसलं. मागं गुलालाचा चिकट गोळा निघाला आणि त्यात खोबऱ्याचा तुकडा! डोंगरावर लोक उधळतात तेच गुलाल-खोबरं, तेल सुटून घट्ट बसलेलं.

"अय्यो मामा, अलार्म बरोबर हाय. तुमचा प्रसाद अडकलाय."

केरबाचं तोंड पडलं. "पर पुसायचा न्हाय म्हटलं हुतं न्हवं..."

"पुसतोय कुठं? जागेवर लावतो." असं म्हणून नीलाक्कानं तो गुलाल केरबाच्या कपाळाला लावला, उरलेला स्वतःच्या. केरबा असा हसला की अमरेश टाचणी टाकून दुकानाबाहेर आला. "चांगभलं!" केरबा गरजला.

बटण साफ करून त्यांनी पुन्हा सगळं नाटक केलं. तीस झाले, पन्नास झाले, शंभर झाले. लॉक पडलंच नाही. नीलाक्काला इतका आनंद झाला की तिनं टेस्ट लॅम्प हातात घेऊन भर गल्लीत गिरकी मारली, आणि अमरेश चक्क लाजला.

केरबानं तिथूनच स्टँडावर फोन लावला. "आकाराम, ऐक! कामात खोट न्हवती. खोट माझ्यात हुती, मीच बटणात गुलाल भरून ठिवला हुता. काय? व्हय, साठ वर्सांत पैल्यांदाच म्हणतोय, चूक माझी!"

चहा उकळायच्या आत आकारामची गाडी दुकानासमोर उभी राहिली. मदतीला म्हणून अमरेश पुढं झाला, तसं आकारामनं त्याला हातानं बाजूला केलं आणि किल्ली नीलाक्काच्या हातात ठेवली. "तुमी सीट बघा, पावणं. वायरिंग आक्काच करू देत."