नळ आला आणि विमानाची टाकी भरली

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मग सांगतो. नाहीतर चहा घ्या आणि गुमान घरी जा. कारण ह्या प्रकरणात जेवढा म्हणून गाढवपणा झाला तो सगळाच्या सगळा माझा आहे. त्यात कुणी वाटेकरी नाही, आणि असता तर मी सोडला नसता.

मी सुरवसे. कृषी खात्यात बत्तीस वर्षं काढली. ह्या जिल्ह्यातली कितीतरी शेततळी माझ्या डोळ्यांसमोर खोदली गेली. तळ्यात अंथरायचा प्लास्टिकचा कागद चांगला की फसवा, हे मी नुसता चिमटीत धरून सांगायचो. लोक लांबून विचारायला यायचे. हे बढाई म्हणून सांगत नाही. बरं, थोडं बढाई म्हणूनच सांगतोय, पण पुढचं कळायला ते लागतं.

रिटायर झाल्यावर धाराशिवच्या घराच्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं दिल्या. भाडेकरू कोण, तर विमान चालवणारी पोरगी. आपल्या इथल्या धावपट्टीवर विमान शिकवतात ना, तिथं ही शिकवायला. ऋतुजा नाव, चिपळूणची, वय सव्वीस. आली त्या दिवशी तिनं स्कूटी आमच्या तुळशीला धडकवली. मी मंगलला, म्हणजे आमच्या मंडळीला म्हणालो, "हिला दोन चाकं आवरंनात, ही विमान काय उतरवणार?" पण सहा महिन्यांत पोरगी अशी घरातली झाली की मंगल तिच्यासाठी कमी तिखटाचं वेगळं कालवण करायला लागली. पस्तीस वर्षांत माझ्यासाठी एकदाही केलं नाही.

तर ह्या पोरीला पहिलं मोठं काम मिळालं. चार सीटचं एक विमान पार आसामात नेऊन पोचवायचं. तोवर तिची झेप म्हणजे लातूर, सोलापूर आणि परत. तिच्या वडिलांची चिपळूणला रिक्षा. त्यांनी घरात भारताचा नकाशा आणून लावला आणि धाराशिवपासून आसामपर्यंत पेन्सिलनं रेघ मारून ठेवली. फोटो मला दाखवला तिनं. 

आता त्या छोट्या विमानाची एक अडचण असते. त्याला आपल्या गाडीचं पेट्रोल चालत नाही, त्याचं वेगळं, आणि ते वाटेत सगळीकडं मिळत नाही. मग काय करायचं? तर मागच्या सीटा काढून तिथं एक जाड रबरी पिशवी ठेवायची, पट्ट्यांनी करकचून आवळायची, तिच्यात जादा पेट्रोल भरायचं आणि नळीनं पुढं द्यायचं. काम झालं की घडी घालून ठेवून द्यायची. जेवताना तिनं हे समजावून सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "म्हणजे उडतं शेततळंच की."

ती हसली. खरं तर तिथंच तिनं सावध व्हायला पाहिजे होतं.

ती पिशवी पार्सलनं आमच्या घरी आली, कारण धावपट्टीचा पत्ता पार्सलवाल्याला सापडेना. ऋतुजा सकाळीच कामावर गेलेली. तिचा फोन आला. "काका, पिशवी बाहेर काढून सावलीत पसरून ठेवा. घड्या मोडू देत. दुपारी इनामदार साहेब बघून घेतील, उद्या सकाळी उडायचंय. बाकी काही करू नका हं."

"मी काय लहान आहे का?" मी म्हणालो.

इनामदार म्हणजे विमानाची दुरुस्ती बघणारे इंजिनिअर. बोलणं कमी, बघणं जास्त, असा माणूस.

मंगल घरात नव्हती. भाचीचा साखरपुडा होता म्हणून अणदूरला गेली होती. जाताना एकच गोष्ट चारदा बजावून गेली, "नळ आला तर एक भांडं रिकामं ठेवू नका. एक सुद्धा." कारण नळाला पाणी येऊन दहा दिवस झाले होते.

मी पिशवी व्हरांड्यात पसरली. काय माल होता सांगू! चिमटीत धरून बघितला. असला कागद मला नोकरीत मिळाला असता तर एक तळं गळलं नसतं. एवढ्यात गल्लीत आरोळी उठली, "नळ आला, नळ आला."

तुम्ही बाहेरगावचे असाल तर तुम्हाला कळणार नाही. नळ आला म्हणजे आमच्याकडं माणूस माणसात राहत नाही. मी टाकी भरली, ड्रम भरला, बादल्या, घागरी, कळश्या भरल्या. कुकर भरला. दुधाचं पातेलं, आंघोळीचा मग, देवाचं तांब्याचं ताम्हण भरलं. ताम्हणात किती मावतं? पण भरलं. शेवटी हातात पाइप, पाइपाला धो धो पाणी आणि घरात रिकामं काही नाही. आणि समोर व्हरांड्यात ती पिशवी. कोरी करकरीत, मोठ्या तोंडाची, दोनशे लिटरची.

आता मी मूर्ख नाही. ती विमानाची आहे, हे मला ठाऊक होतं. पण मी विचार केला. एक, हिला अजून पेट्रोल लागलेलं नाही, म्हणजे पाणी पिण्यालायक राहणार. दुसरं, दुपारपर्यंत मंगल येईल, वापरून मोकळं करू. आणि तिसरं, आयुष्यभर आम्ही तळ्याचा कागद कसा तपासला? पाणी भरून. गळतो का न्हाय, पाणीच सांगतं. उद्या पोरगी ह्या पिशवीच्या भरवशावर आभाळात जाणार, मग तपासून नको द्यायला? म्हणजे बघा, मी तिच्यावर उपकारच करत होतो.

पाइप घातला. पिशवी हळूहळू फुगत गेली आणि व्हरांड्यात म्हैस बसावी तशी बसली. एक थेंब गळेना. मला असा काही आनंद झाला की मी आत जाऊन तुरटी आणली आणि पाण्यात चांगली गरागरा फिरवली.

शेजारच्या बिराजदार काकू कंपाउंडवरनं बघत होत्या. "काय ओ भाऊजी, हे काय नवीन आणलाव?"

"टाकी आहे. विमानात वापरतात ती."

"लई भारी हाय की. घडी हुती का हिची?"

"होते तर. घडी घालून कपाटात ठेवायची. नळ आला की काढायची."

"मग मला बी एक मागवा की. आमच्या जावेला बी एक."

खोटं कशाला बोलू, मी नाही म्हणालो नाही. तासाभरात गल्लीतल्या पाच घरांनी मला पिशवी मागवायला सांगितली आणि मी पाचही नावं कागदावर लिहून घेतली.

बारा वाजता ऋतुजा आणि इनामदार साहेब आले. ऋतुजा फाटकातच थांबली. पिशवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"काका, ह्यात काय आहे?"

"पाणी," मी म्हणालो. "काळजी करू नको, तुरटी फिरवलीय."

दोघं एकमेकांकडं बघायला लागले. मला वाटलं, कौतुक कसं करावं ते सुचेना झालंय. मग इनामदार साहेब खाली बसले, अगदी जमिनीवर, आणि शांतपणे सांगितलं की विमानाच्या पेट्रोलात पाणी जाणं ह्याच्याइतकी वाईट गोष्ट नाही. पेट्रोलात पाणी मिसळत नाही, खाली बसतं आणि नेमकं इंजिनात जातं. गाडी बंद पडली तर माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहतो. वर कड नसते. म्हणून ही माणसं रोज उडायच्या आधी टाकीतलं थोडं पेट्रोल बाटलीत काढून त्यात पाण्याचा थेंब शोधतात. थेंब. आणि मी दोनशे लिटर भरलं होतं.

माझं तोंड कोरडं पडलं. घरात एवढं पाणी असून.

"वाचेल बहुतेक," इनामदार म्हणाले. "स्पिरिटनं धुऊ, मग नायट्रोजन सोडून वाळवू. हायवेवरच्या टायरवाल्याकडं मिळतो. दोन तासांत आम्ही दोघं येतो. काका, तेवढं पाणी काढा, आणि नंतर हात लावू नका."

पाणी काढायला कितीसा वेळ लागतो? ओतून टाकतो म्हणालो तर गल्ली अंगावर आली. बिराजदार काकू दोन घागरी घेऊन पुढं, मागं अख्खी रांग. पाऊण तासात थेंब राहिला नाही. म्हणजे, मला तसं वाटलं. हात घालून बघितलं तर आत अजून ओल होती.

आता इथं मी थांबायला पाहिजे होतं. पण पोरीचा तो चेहरा डोळ्यांपुढनं हलेना. म्हणलं, साहेब येईपर्यंत आपण थोडं काम पुढं न्यावं. मोबाइल भिजला तर आपण काय करतो? तांदळात ठेवतो. एवढी मोठी पिशवी तांदळात कशी ठेवणार? म्हणून मी तांदूळच पिशवीत ठेवले. दोन किलो कोलम. वरनं चांगली हलवली, म्हणजे सगळीकडनं ओल ओढली जावी.

इनामदार साहेब आणि ऋतुजा सिलिंडर घेऊन आले. साहेबांनी पिशवी उचलली. आतनं आवाज आला, खळळ.

त्यांनी पिशवी परत हलवली. खळळ.

"काका," ते म्हणाले, "हे काय?"

"तांदूळ."

त्या माणसानं सिलिंडर खाली ठेवला आणि चष्मा काढून बराच वेळ पुसला. "पाणी वाळवलं असतं हो. आता ह्यातला एक दाणा कुठं शिवणीत अडकला आणि पेट्रोलाच्या नळीत गेला तर? मी सही करू शकत नाही. ही पिशवी गेली."

 ऋतुजानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि हळूच म्हणाली, "आमचे मोठे सर म्हणणार, एवढी साधी वस्तू सांभाळता आली नाही. हे काम आता दुसऱ्याला देतील. बाबांना काय सांगू?"

खरं सांगतो, मला रडू आलं. तिकडं चिपळूणला एक बाप नकाशावर रेघ मारून बसलाय, आणि इकडं मी त्या रेघेवर पाणी ओतलं.

म्हणलं, "चल. गाडी काढ."

तिच्या स्कूटीवर मागं बसून धावपट्टीवर गेलो. तिथले मोठे साहेब म्हणजे मिशीवाले, कडक, फौजेतनं आलेले. मी बत्तीस वर्षांच्या नोकरीत एक चूक कबूल केली नव्हती. तळं गळलं तर उंदरानं कुरतडलं म्हणायचो. पण त्या दिवशी उभ्यानं सगळं सांगितलं. पाणी, तुरटी, तांदूळ, पाच नावांचा कागद, काही लपवलं नाही. "साहेब, पोरीची काही चूक नाही. तिनं सांगितलं होतं, बाकी काही करू नका. मी बाकी सगळं केलं."

साहेबांनी विचारलं, "पण विमानाच्या टाकीत पाणी भरावं असं वाटलंच कसं तुम्हाला?"

मी मान खाली घालून म्हणालो, "साहेब, नळ आला होता."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. तेही चार वर्षं धाराशिवातच राहतात.

"किती दिवसांनी?"

"अकराव्या दिवशी."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाले, "आमच्याकडं उद्या येणार आहे. ऋतुजा, उद्याचं उड्डाण रद्द. पिशवीशिवाय जा. पेट्रोल मिळतं तिथं तिथं उतरत, लांबच्या वाटेनं. दोन दिवसांचे पाच लागतील. परवानगीचे कागद नव्यानं करू. पण विमान तूच नेणार."

पोरगी बाहेर येऊन माझ्या गळ्यात पडली. ज्यानं घाण करून ठेवली त्याच्याच गळ्यात. आता बोला.

संध्याकाळी मंगल अणदूरहून आली. सगळं ऐकून घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "म्या भांडी भरा म्हणलं होतं. विमान न्हाय."

दहा दिवसांनी ऋतुजा उडाली. पाच दिवस मी आणि तिचे वडील फोनवर होतो. ती उतरली की आम्ही जेवायचो, ती उडाली की आम्ही गप्प. पाचव्या दिवशी तिचा फोन आला, "काका, पोचले." मी पेढे वाटले. बिराजदार काकूंनी पेढा घेतला आणि विचारलं, "ते बरं झालं. माझी टाकी कधी येणार?"

ती परत आल्यावर मला धावपट्टीवरचं शिकवायचं विमान दाखवायला घेऊन गेली. इनामदार साहेबांनीही हसून हात मिळवला. विमानाजवळ हरियाणाकडची एक शिकाऊ मुलगी उभी होती. तिच्या हातात प्लास्टिक चढवलेला एक कागद. उडायच्या आधी काय काय तपासायचं त्याची यादी असते ती, एकेक ओळ वाचायची आणि खूण करायची. ऋतुजा म्हणाली, ह्यांच्या धंद्यात कुणाची चूक झाली की त्या यादीत एक ओळ वाढते, म्हणजे तीच चूक परत होत नाही.

ती मुलगी वाचता वाचता एका ओळीवर अडली. मला वयस्कर बघून तिला वाटलं, हे इथले जुने इंजिनिअर असणार. कागद माझ्यापुढं धरला. मी चष्मा लावून बघितलं. सगळ्यात खाली इंग्रजीत नवी ओळ होती. जादा टाकी रिकामी, कोरडी, आणि सुरवसे काकांपासून लांब ठेवलेली आहे.

"अंकल," तिनं अगदी आदरानं विचारलं, "ये सुरवसे काका कौनसा पार्ट है?"

ऋतुजानं तोंड फिरवलं. इनामदार साहेब चष्मा पुसायला लागले.

मी कागद परत दिला आणि म्हणालो, "पुराना पार्ट है बेटा. जहाज को नहीं लगता. घर में ही पड़ा रहता है."